घोड्याचे पाय आणि कॅमेऱ्याची साक्ष

एक युक्तिवाद इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा ऐकू येतो की आता कुणी त्याचा पुरावाही मागत नाही. विज्ञानाच्या पुस्तकांत तो असतो, यूट्यूबवरच्या माहितीपटांत असतो, ॲनिमेशनच्या वर्गात तर पहिल्याच तासाला असतो. तो असा: शतकानुशतकं चित्रकारांनी धावता घोडा चुकीचा काढला, 1878 साली कॅमेऱ्याने त्यांची चोरी पकडली, तेव्हापासून गती ही यंत्राने नोंदवायची गोष्ट झाली आणि चित्रकाराच्या हाती उरली ती नुसती सजावट. अलीकडे या युक्तिवादाला नवं शेपूट फुटलं आहे. अंगाला ठिपके चिकटवून नटाची हालचाल संगणकात उतरवता येते, आणि आता तर एक वाक्य लिहिलं की धावता घोडा तयार मिळतो. मग कागदावर एकेक पाऊल रेखाटत बसणारा माणूस हवा कशाला?

या युक्तिवादाची पहिली पायरी खरी आहे. त्यापुढची एकही नाही.

पहिली पायरी आधी मान्य करून टाकू. लिलँड स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियातला रेल्वेचा बडा मालक, घोड्यांचा शौकीन. (त्याने घोड्याच्या पायांवर मोठी पैज लावली होती, ही गोष्ट सगळे चवीने सांगतात, तिला भक्कम पुरावा नाही.) त्याच्या सांगण्यावरून एडवर्ड मायब्रिजने जून 1878 मध्ये पालो आल्टोला धावपट्टीलगत 12 कॅमेरे ओळीने मांडले, वाटेत तारा ताणल्या आणि सॅली गार्डनर नावाची घोडी त्यावरून चौखूर सोडली. ती पुढे जाईल तशी एकेका कॅमेऱ्याची झडप उघडून मिटत गेली. चित्रांत दिसलं ते असं, की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. चित्रकार याच्या नेमकं उलट दाखवत आले होते. तेओदोर जेरिकोने 1821 मध्ये एप्समच्या डर्बीचं चित्र काढलं, ते आज लूव्रमध्ये आहे. त्यातले घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फेकून हवेत तरंगत जातात. जिवंत घोडा एका क्षणासाठीसुद्धा असा नसतो.

(जाता जाता एक गंमत. हीच झेप कुत्र्याची असती तर कुणालाच बोट ठेवता आलं नसतं. आपल्याकडचा कारवान कुत्रा जीव तोडून पळू लागला की प्रत्येक झेपेत दोनदा जमीन सोडतो: एकदा पाय गोळा करून, एकदा पुरते ताणून. चित्त्याचंही तसंच. जेरिकोने घोड्यांना शिकारी कुत्र्याची धाव दिली, असं म्हणा हवं तर.)

आता यातून सिद्ध काय झालं? एवढंच, की सेकंदाच्या एखाद्या बारीकशा तुकड्यात घोड्याचे पाय कुठे असतात ते आपल्या डोळ्याला कळत नाही. ठीक. पण डोळ्याला कधीच न दिसणारा तो तुकडा म्हणजेच धावण्याचं खरं रूप, हे कुणी ठरवलं? मायब्रिजच्या 12 चित्रांतलं पाय गोळा केलेलं एकच चित्र उचला आणि ही कथा ठाऊक नसलेल्या माणसापुढे ठेवा. घोडी अडखळली आहे म्हणेल, नाहीतर कुणी तिला पोटपट्ट्याने वर उचलून धरली आहे म्हणेल. धावते आहे असं काही तो आपणहून म्हणायचा नाही. बाराही चित्रं क्रमाने पाहिली की मात्र धाव लख्ख दिसते. म्हणजे धाव त्यांतल्या कुठल्याही एका चित्रात नव्हती. ती चित्रांच्या मधल्या जागेत होती, आणि ती जागा कॅमेऱ्याने टिपलेलीच नव्हती. ती पाहणाऱ्याने भरून काढली.

शिल्पकार रोदँने 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादांत जेरिकोचा कैवार याच मुद्द्यावर घेतला होता. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: पाहणाऱ्याची नजर जेरिकोच्या घोड्यावरून मागून पुढे सरकते, तिला आधी मागच्या पायांचा रेटा दिसतो, मग अंगाची लांबण, मग पुढच्या पायांची झेप. प्रत्येक भाग वेगळ्या क्षणाचा आहे. सगळे एकाच क्षणाचे मानले तर चित्र खोटं, क्रमाने वाचले तर खरं. रोदँने स्वतःच्या योहानाच्या पुतळ्यात हेच केलं. त्या पुतळ्याची दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली आहेत आणि तरीही माणूस चालतो आहे. आपण चालतो तेव्हा मागची टाच उचललेली असते, म्हणून चालत्या माणसाच्या फोटोत ही स्थिती सापडायची नाही. आणि ज्या फोटोत टाच नेमकी उचललेली सापडते, त्यातला माणूस पुष्कळदा एका पायावर लकवा मारल्यासारखा उभा दिसतो.

रोदँ आपल्याच धंद्याची वकिली करत होता असं म्हणाल, तर कॅमेरावाल्यांचीच साक्ष काढू.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा. खंड्या पाण्यात सूर मारतानाचा फोटो सेकंदाच्या चार हजाराव्या भागात काढला की पीस अन् पीस मोजता येतं, आणि पक्षी बऱ्याचदा संग्रहालयातला पेंढा भरलेला वाटतो. हेलिकॉप्टरचा फोटो याच वेगाने काढला तर पंख्याची पाती थिजतात आणि यंत्र आता खाली पडणार असं वाटून पोटात गोळा येतो. म्हणून जाणकार छायाचित्रकार तिथे मुद्दाम झडपेचा वेग कमी करतो आणि पाती थोडी पुसट होऊ देतो. बैलगाडा शर्यतीचे जे फोटो आपल्याला थरारक वाटतात त्यांत बैलांच्या मागची गर्दी आडव्या रेघांनी फाटून गेलेली असते, कारण फोटो काढणाऱ्याने बैलांबरोबर कॅमेरा फिरवला आणि चित्र हलू दिलं. प्रत्यक्षात त्या गर्दीतला कुणीही फाटलेला नव्हता. म्हणजे कॅमेरा हातात असलेला माणूससुद्धा गती दाखवायची वेळ आली की जेरिकोच्याच वाटेने जातो. क्षणाशी प्रामाणिक राहायचं की धावेशी, यातलं एक त्याला निवडावं लागतं.

एतियेन-ज्यूल मारे हा तर शरीरशास्त्रज्ञ. कलेची भीड त्याला असायचं कारण नव्हतं. 1882 मध्ये त्याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, तो सेकंदाला 12 चित्रं घ्यायचा. पुढे तो एकाच काचेवर चालत्या माणसाच्या लागोपाठच्या स्थिती टिपू लागला आणि पंचाईत झाली. हात, पाय, धड सगळं एकमेकांवर चढून नुसता धुरळा दिसे. मग त्याने काय केलं? माणसाला नखशिखांत काळा पोशाख घातला, काळ्या पडद्यापुढून चालवलं आणि हातापायांवर फक्त पांढऱ्या रेघा आणि सांध्यांवर ठिपके ठेवले. गती दिसावी म्हणून त्याने माणूसच पुसून टाकला. आजच्या मोशन कॅप्चरच्या ठिपक्यांच्या पोशाखाची ही आजी. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हा निर्णय यंत्राच्या आधी मारेने घेतला होता, आणि तो निर्णय चित्रकाराचा आहे.

पण या खटल्यातला माझा सगळ्यात आवडता साक्षीदार खुद्द मायब्रिज आहे. कॅमेऱ्याने चित्रकारांना हरवलं असं सांगणारे इथे नेमके गप्प बसतात. नुसत्या सुट्या फोटोंवर लोकांचं समाधान होईना. घोडा धावताना दाखवा, तरच ही वेडीवाकडी पावलं खरी मानू, असं लोकांचं म्हणणं. म्हणून मायब्रिजने झूप्रॅक्सिस्कोप नावाचं यंत्र तयार केलं. फिरत्या काचेच्या तबकडीच्या कडेने चित्रं, समोर उलट दिशेने फिरणारी फटींची तबकडी, मागे दिवा, पुढे पडदा. 1881 मध्ये पॅरिसला मारे आणि चित्रकार मेसोनिए यांच्या घरी त्याने आपली चित्रं जमलेल्या शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना दाखवली. या तबकड्यांवर फोटो नव्हते. फोटोंवरून हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या. आणि त्यांतही गोम अशी की फटींच्या त्या रचनेमुळे पडद्यावर प्रत्येक आकृती आखूड, चेपलेली दिसायची. म्हणून तबकडीवरचे घोडे मुद्दाम लांबुळके काढावे लागत. ज्या माणसाच्या नावाने चित्रकारांना खोटं ठरवलं जातं, त्याचा पडद्यावर धावणारा घोडा हाताने काढलेला होता आणि मापात चुकीचा होता. चुकीचा होता म्हणून तो बरोबर धावला.

थांबवलेली चौकट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. फलंदाज धावबाद आहे की नाही हे ठरवायला तिसऱ्या पंचाने चित्र थांबवावं, पुढेमागे करावं, बेल उडाली तेव्हा बॅट रेषेच्या आत होती का ते बघावं. प्रश्नच क्षणाचा आहे, तेव्हा उत्तरही क्षणातच सापडेल. लंगडणाऱ्या घोड्याचा पशुवैद्यही हेच करतो. देगासारख्या चित्रकाराने मायब्रिजच्या चित्रांवरून घोडे गिरवले, शिकला, त्याचा फायदाच झाला. तक्रार आहे ती क्षणाच्या प्रश्नाचं उत्तर धावेच्या प्रश्नाला चिकटवण्याबद्दल.

याच जातकुळीचं आणखी एक वाक्य शाळेपासून आपल्या माथी मारलेलं असतं: डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा सेकंदाचा काही भाग रेंगाळते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो, म्हणजे सिनेमा ही डोळ्याची फसगत. प्रतिमा नुसत्या रेंगाळत असत्या तर एकीवर एक चढून मारेच्या काचेवर झाला तसाच धुरळा झाला असता. 1912 मध्ये माक्स वेर्टहायमरने दाखवून दिलं की दोन ठिकाणी आळीपाळीने लागणाऱ्या दोन स्थिर रेघांच्या मधे माणसाला सरळ हालचाल दिसते. तिथे रेंगाळायला काहीही नसतं. हालचाल ओळखणं हे मेंदूचं स्वतःचं काम आहे. चित्रकार या कामाला खुणा पुरवतो. कधी एकाच चित्रात, कधी चोवीस चित्रांत.

त्या खुणा आपल्याकडे फार जुन्या आहेत. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात आकाशातून जाणारी अप्सरा आहे, पाचव्या शतकातली. तिला पंख नाहीत, पाय हवेत झाडलेले नाहीत, चेहरा तर अगदी शांत. तरी ती उडते आहे याबद्दल कुणाला शंका येत नाही, कारण तिच्या गळ्यातले मोत्यांचे सर छातीवर सरळ लोंबत नाहीत, एका बाजूला झुकले आहेत. शरीर वळलं, दागिने अजून मागच्याच दिशेला रेंगाळताहेत. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये ॲनिमेशनची 12 तत्त्वं पुस्तकात मांडली, त्यांत हे एक आहे: मुख्य शरीर थांबलं तरी केस, शेपूट, पदर मागाहून येतात. वाकाटकांच्या काळातल्या त्या चित्रकाराने हे एका चौकटीत करून ठेवलं होतं.

विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र तर याला परीक्षाच मानतं. लाटा, ज्वाळा, धूर, फडकणारं निशाण हे वाऱ्याच्या गतीप्रमाणे काढता येतात तो खरा जाणता, असं त्याचं मत आहे. पण त्याच्या जोडीने त्याने घातलेली दुसरी अट मला जास्त अवघड वाटते. झोपलेल्या माणसात चेतना दिसली पाहिजे आणि मेलेल्यात ती नाही हेही दिसलं पाहिजे. दोघेही आडवे, दोघांचेही डोळे मिटलेले, दोघेही हलत नाहीत. इथे टिपायला हालचाल उरलेलीच नाही, तरी जीव दाखवायचा आहे. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे, तिथली म्हैस पाहून या. कान हलवील अशी वाट पाहत माणसं तिच्यापुढे उभी राहतात. गती नोंदवणारं कुठलंही यंत्र तिच्यापुढे ठेवलं तर ते शून्य दाखवेल.

आता ॲनिमेशनकडे येऊ, कारण नव्या शेपटाचा सगळा भर तिथेच आहे. जिवंत नटाचं चित्रीकरण करून त्यावरून चौकटीमागून चौकट गिरवायची ही युक्ती नवी नाही. माक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट 1917 मध्ये मिळालं. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'साठी (1937) नर्तिकेचं आणि नर्तकाचं चित्रीकरण करून घेतलं होतं. आजही तो चित्रपट लावून पाहा. ज्यात जिवंत माणसाचा आधार सर्वात जास्त तो राजपुत्र ताठ, लाकडी. आणि ज्यांच्या मापाची माणसं जगात कुठेच नव्हती ते सात बुटके रक्तामांसाचे. स्टुडिओतल्या लोकांना हे तेव्हाच कळलं होतं. गिरवलेली चौकट निर्जीव होते, चित्रीकरणातून कृतीचा गाभा उचलून तो वाढवून काढावा लागतो, हा धडा थॉमस आणि जॉन्स्टन यांनी आपल्या पुस्तकात सविस्तर लिहून ठेवला आहे.

का होते निर्जीव? चेंडू घ्या. चेंडू खाली पडतो आहे आणि प्रत्येक चौकटीत तो सारख्याच अंतराने खाली आला, तर तो दोरीवरून घसरवल्यासारखा दिसतो. वर अंतरं कमी आणि जमिनीजवळ जास्त ठेवली की वजन आलं. टेकण्याच्या आधीच्या चित्रात तो किंचित लांब ओढला, टेकताना चपटा केला, की रबर आलं. चपटा केलाच नाही, तर तोच चेंडू लोखंडाचा झाला. चोवीस चौकटींच्या सेकंदात बारा चित्रं पुरवून एकेक चित्र दोनदा दाखवायचं की चोवीस वेगवेगळी काढायची, हेही ठरवावं लागतं. आणि जास्त म्हणजे नेहमी चांगलं नव्हे. 2018 च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये नवशिका माइल्स बारा चित्रांच्या चालीने हलतो आणि त्याच्या शेजारी झुलणारा मुरलेला पीटर चोवीसच्या. पोराचा धांदरटपणा चित्रं कमी करून दाखवला आहे. उलट 2004 च्या 'द पोलर एक्सप्रेस'मध्ये नटांची हालचाल ठिपक्या-ठिपक्याने उतरवली होती, आणि त्यातल्या मुलांचे डोळे मेलेले वाटतात ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत थांबलेली नाही. गोलम आठवत असेल. 'द टू टॉवर्स'मध्ये अँडी सर्किसच्या शरीराची हालचाल यंत्राने घेतली, चेहरा मात्र त्याचा अभिनय समोर ठेवून ॲनिमेटरांनी हाताने घडवला. घरचं उदाहरण हवं तर नवीन टीव्हीवर जुना सिनेमा लावा. यंत्र मधल्या चौकटी आपल्या मनाने भरून हालचाल गुळगुळीत करतं आणि चांगला चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. नोंद वाढली, आणि गेलं काय ते पडद्यावर दिसतंच आहे.

माझ्या प्रतिपक्षाकडे एक हुकमाचं पान आहे, तेही टाळत नाही. ते म्हणतील, झाडाचं काय? वेल वाढताना कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. ती कॅमेऱ्यानेच दाखवली, तिथे चित्रकाराचा काय संबंध? आणि इथे तर दाखला आपल्याच माणसाचा आहे. लंडनहून परतल्यावर 1912 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराची वाढ जेमतेम मिनिटाभराच्या फितीत आणली. 'अंकुराची वाढ' पाहूनच यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले, आणि त्यातून पुढचा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

हे पान माझ्याच हाताला लागतं. पहिली गोष्ट, वनस्पतीची चाल कॅमेऱ्याच्या आधी हाताने टिपली गेली होती. डार्विनने 1880 च्या आपल्या ग्रंथासाठी रोपापुढे काच उभी करून, ठराविक वेळाने शेंड्याची जागा ठिपक्याने नोंदवून, ठिपके रेघांनी जोडून झाडांच्या डोलण्याचे नकाशे केले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फाळक्यांच्या फितीत भरभर वर चढणारा वाटाणा जगात कुठेच नव्हता. जेरिकोचा घोडा खोटा असेल तर हा वाटाणा त्याहून खोटा आहे. किती वेळाने एक चित्र घ्यायचं, हा त्यातला सगळा जीव आहे. अंतर कमी ठेवलं असतं तर सावकाराला जांभई आली असती, जास्त ठेवलं असतं तर रोप नुसतं टुणटुण उडालं असतं. तीन वर्षांनी त्याच माणसाने 'आगकाड्यांची मौज'मध्ये निर्जीव काड्या हलवल्या, तो भारतातला पहिला ॲनिमेशनपट मानला जातो. वाटाणा आणि काडी यांत फाळक्यांच्या हाताने फरक केलेला दिसत नाही. दोन्हीकडे एक चित्र, मग थांबणं, मग दुसरं चित्र.

उरला वाक्य लिहून मिळणारा घोडा. तो मिळतो, आणि दिवसेंदिवस चांगला मिळत जाईल, याबद्दल माझा वाद नाही. पण घोडा हवा तरी कसला? शर्यत हरलेला, दिवसभर टांग्याला जुंपलेला, की तबेला जवळ आल्याचं हुंगून पाय उचलणारा? थकवा मानेच्या झोक्यात आधी दिसतो की खुरांच्या पडण्यात, हे ज्याला ठाऊक आहे तोच मिळालेल्या दहा घोड्यांतले नऊ फेकू शकेल. ज्याला ठाऊक नाही त्याला दहाही छान वाटतील. ही ओळख नोंदींच्या साठ्यातून आपोआप येत नाही याचा पुरावा म्हणून 'बॅम्बी'कडे पाहावं. स्टुडिओने मेनच्या जंगलात माणूस पाठवून फोटोंचे ढीग मागवले होते. तरीही हरणाची दोन जिवंत पाडसं स्टुडिओत आणून ठेवली आणि रिको लेब्रनला चित्रकारांना हरणाची हाडं नि स्नायू शिकवायला बसवलं. 'बॅम्बी'वर काम केलेला, भारतातच मिशनरी कुटुंबात जन्मलेला क्लेअर वीक्स 1956 मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला. त्याच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखी मंडळी तयार झाली आणि पुढच्या वर्षी जातककथेवरचा 'द बनियन डिअर' झाला, पुन्हा हरणांचाच. फिल्म्स डिव्हिजनकडे कॅमेऱ्यांची ददात नव्हती. देशभर फिरून वृत्तपट काढणं हाच तिचा रोजचा धंदा होता. हरीण टिपायला तेवढं पुरलं असतं तर वीक्सला बोलवायचं कारणच पडलं नसतं.